दादरला जाऊन भाजी आणणं परवडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. प्रभादेवीला राहता, घरात तुम्ही दोघं, सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. भाजी, फळं, मासे सगळं फोनवरून येतं. सासूबाईंच्या मते दादर हाकेच्या अंतरावर असताना असं मागवणं म्हणजे उधळपट्टी. म्हणून तुम्ही ऑफिसातून येताना काही वेळा दादरला उतरून भाजी घेतलीत. दर वेळी फसल्यासारखं वाटलं, वजनाची शंका आली, भाव करायला जीभ रेटेना, एक भाजीवाला तर खेकसला, चपला चिखलाने भरल्या आणि घरी हिशोब केला तर फारसं काही वाचलंही नव्हतं. मग बाजारात जाण्यात काही अर्थ आहे, की ही नुसती जुन्या माणसांची हौस?

मी दादर-माहीमच्या हद्दीवर पोळीभाजी केंद्र चालवते. रोजचे डबे, सणासुदीच्या ऑर्डरी, मध्येच कुणाचं केळवण. खरेदी मी स्वतः करते. काही बाजारातून, काही वाण्याकडून आणि काही चक्क फोनवरून. त्यामुळे ‘आमच्या वेळी’चा सूर मी लावणार नाही. बाजारात गेलं की मन कसं प्रसन्न होतं, असं म्हणणाऱ्यांनी भर पावसात पहाटे सेनापती बापट मार्गावर फ्लॉवरचं पोतं सांभाळत टॅक्सी मिळवून दाखवावी.

तुम्ही प्रश्न पैशांचा केलात, पण लिहिलेलं नीट वाचलं तर गोम दुसरीकडेच दिसते. तुम्ही म्हणता, ‘यादीतलं सगळं घेतलं आणि सगळंच महाग पडलं.’ यादी घेऊन करायची खरेदी फोनवर. बाजारात आधी एक फेरी मारायची, आज काय चांगलं आलंय ते बघायचं, भाव विचारायचे आणि मग घरी काय शिजणार ते ठरवायचं. तुम्ही फरसबी लिहून नेलीत आणि त्या दिवशी फरसबीची आवक कमी असली, तर ती तुम्हाला स्वस्त कोण देणार? शेजारी पडवळाचा ढीग पडलेला असतो, त्याच्याकडे तुमची नजरही जात नाही. शिवाय हातात यादी धरून एकेक नाव वाचणारं गिऱ्हाईक भाजीवाल्याला लांबून कळतं. हे माणूस घेतल्याशिवाय जाणार नाही, मग भाव कशाला उतरवायचा?

तेव्हा पहिलं उत्तर असं की, ज्या घरात काय शिजणार हे बाजार बघून ठरू शकतं त्या घराला बाजार परवडतो. बाकीच्यांनी फोनवर मागवावं आणि त्याची लाज वाटून घेऊ नये.

आता, सगळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही. तुमची मुलगी बटाटा, भेंडी आणि फ्लॉवर सोडून काही खात नसेल तर बाजारातल्या निवडीचा तुम्हाला उपयोग काय? घरी यायला रोज रात्रीचे नऊ वाजत असतील, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, निवडायला घरात कुणाला वेळ नसेल, तर हिशोब बदलतो. मेथीच्या गड्डीचं उदाहरण घ्या. बाजारातली जुडी मोठी दिसते, पण मुळं, माती, जाड दांडे काढल्यावर त्यातलं किती उरतं? फोनवरून येणारी निवडलेली मेथी वजनाने महाग वाटते, पण ती सगळीच्या सगळी कढईत जाते. माझ्याकडे निवडायला बाई आहे, तिला पगार द्यावा लागतो, म्हणून मी नेहमी निवडून उरलेल्या भाजीवर भाव काढते. घाईच्या दिवशी निवडलेलीच घेते. सासूबाई दुपारी टीव्हीसमोर बसून मेथी निवडत असतील तर तुमचा हिशोब माझ्या उलट येईल.

भावाचं जरा सविस्तर सांगते, कारण ‘फसवलं’ असं जे वाटतं ते बहुतेक वेळा इथेच वाटतं. पूर्वी मुंबईचा भाजीचा घाऊक बाजार भायखळ्याला होता आणि फळांचा क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत. 1996 साली दोन्ही वाशीला गेले. तेव्हापासून नाशिक, नारायणगाव, सातारा अशा ठिकाणांहून आणि परराज्यातून निघालेल्या बऱ्याचशा गाड्या रात्री वाशीला लागतात आणि पहाटे तिथून टेम्पो शहरात येतात. 2016 साली राज्य सरकारने फळं आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढल्या, त्यामुळे काही माल आता वाशीला वळसा न घालता थेट शहरातही उतरतो.

दादरला पहाटे जो व्यवहार चालतो तो तुमच्यासाठी नसतो. तो हातगाडीवाले, खानावळवाले आणि आमच्यासारख्यांसाठी असतो. तिथे पाव किलो मागितलंत तर कुणी मान वर करून बघणार नाही. उजाडल्यावर तोच माल किरकोळीवाल्यांच्या पाटीत येतो. आठ ते दहा या वेळात माल सगळ्यात चांगला आणि भाव मध्यम. दुपारी पाटी उन्हात सुकते, पाणी मारत राहावं लागतं. संध्याकाळी सहा ते आठ, स्टेशनातून लोंढा बाहेर पडतो तेव्हा भाव चढतो, कारण त्या गिऱ्हाइकाला घाई असते आणि भाजीवाल्याला नसते. नऊनंतर पालेभाजीचा भाव पडतो, कारण ती उद्यापर्यंत टिकत नाही. म्हणजे एकाच तोंडलीला एका दिवसात तीन-चार भाव असतात. तुम्ही नेमक्या संध्याकाळच्या लोंढ्यात उतरता. तुम्हाला कुणी फसवलं असेलच असं नाही. तुमची वेळ चुकली.

दुसरं, पाव किलोचा भाव. ‘वीसला पाव’ हे कानाला स्वस्त लागतं, किलोला ऐंशी झाले हे डोक्यात येत नाही. म्हणून पाव किलोच घ्यायची असली तरी विचारताना ‘किलो कशी दिली?’ असं विचारा. अर्धा किलोला बहुतेक ठिकाणी पावाच्या दुपटीपेक्षा पाच-दहा रुपये कमी पडतात. चार माणसांच्या घरात गवार, भेंडी, तोंडली अर्धा किलोच लागते. दोन वेगळ्या भाज्या पाव-पाव घेण्याऐवजी एकच अर्धा किलो घेतलीत तर घासाघीस न करताच पैसे सुटतात.

फोनशी तुलना करताना एक सावधगिरी. तिथे कांदा-टोमॅटोसारख्या दोन-तीन वस्तू मुद्दाम स्वस्त ठेवलेल्या असतात, कारण भाव आपण त्यांच्यावरच तोलतो. बाकीचं छोट्या छोट्या पाकिटांत येतं आणि शेवटी हाताळणीचे, घरपोचचे पैसे लागतात. आठवड्याचं एकूण बिल समोर ठेवून तोला, एका टोमॅटोवर नको.

आता भाव करायची लाज. पहिली गोष्ट, भाव केलाच पाहिजे असं काही नाही. माझ्या ओळखीच्या भाजीवाल्यांशी मी वर्षानुवर्षं भाव केलेला नाही. पण तुम्ही नवख्या आहात आणि काही न बोलता पैसे काढून देता, म्हणून मनात खुटखुट राहते. तिथे एक वाक्य पुरतं: ‘निवडून घेऊ का?’ कारण बऱ्याच भाजीवाल्यांकडे दोन भाव असतात, निवडून घेण्याचा आणि भरून देईल तसं घेण्याचा. हे बाहेर कुणी लिहून लावत नाही. परवा माझ्यासमोर एका मुलीने टोमॅटोचा भाव विचारला, चाळीस सांगितला. तिने टणक टोमॅटो एकेक करून उचलायला सुरुवात केली तसा भाजीवाला म्हणाला, ‘ताई, निवडून पन्नास.’ तिला वाटलं डोळ्यांदेखत भाव वाढवला. त्याची बाजू अशी की टणक सगळे तिने नेले, तर मऊ उरलेले तो कुणाच्या गळ्यात मारणार? रस्सा, सार, चटणी करायची असेल तर भरून देईल तसेच घ्या आणि तिथे दोन रुपये कमी करायला सांगा. कोशिंबिरीला हवे असतील तर निवडा आणि मुकाट पन्नास द्या.

तशीच भेंडीची शेंडी. भेंडी कोवळी आहे का हे बघायला शेंडी मोडून बघायची, असं आपल्याला आईने शिकवलेलं असतं. एखादी मोडून बघावी. काहीजणी अख्खी पाटी मोडत बसतात आणि शेवटी घेत नाहीत. मोडलेली भेंडी संध्याकाळपर्यंत काळी पडते. भाजीवाला तुमच्यावर का खेकसला असं तुम्ही विचारलंत, तर मला वाटतं तेच झालं असावं. गवार बोटांत दुमडून बघा, तोंडलीचा एखादा तुकडा मागून घ्या, आत लाल झालेली नको. फ्लॉवर उलटा करून देठ बघा. जुडीची पानं बाहेरून नेहमीच टवटवीत दिसतात, कारण बांधणारा चांगली पानं बाहेर ठेवतो. दोरा असतो तिथे बोट घालून बघा, आत ओलं आणि चिकट लागलं तर ती जुडी उद्या सकाळपर्यंत काळी.

भाव कधी करू नये हेही सांगते. सकाळी भवानीच्या वेळी फार ताणू नका. पहिलं गिऱ्हाईक परत गेलेलं कुणालाच आवडत नाही, त्यामुळे तेव्हा योग्य भाव आपणहून मिळतो. वजन करून पिशवीत पडल्यावर भाव करू नका, त्याने फक्त तोंड वाकडं होतं. आणि पालघर, कर्जत, कसाऱ्याकडून डोक्यावर ओझं घेऊन लोकलने आलेल्या बायका जमिनीवर फडकं पसरून जो वाटा लावून बसतात, तिथे दहा रुपयांसाठी घासाघीस करणं मला बरं दिसत नाही. तिला तिची गाडी गाठायची असते, म्हणून ती पटकन खाली येते आणि आपल्याला वाटतं आपण जिंकलो. हे माझं मत. कुणाला वेगळं वाटू शकतं.

वजनाची शंका रास्त आहे. तराजूत पाप करणारे असतात, नाही असं नाही. इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर पारडं रिकामं असताना आकडा शून्य आहे का, एवढं आधी बघा. टोपली किंवा ताट ठेवून तोलत असेल तर ताट ठेवल्यावरचा आकडा बघा. वैधमापन शास्त्र खात्याकडून इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी आणि साध्या तराजूची, वजनांची दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते, आणि त्याचा शिक्का काट्यावर असतो. रस्त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाकडे तो असेलच असं नाही. मी नव्या माणसाकडून पहिल्यांदा घेते तेव्हा घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे मी धरत नाही. शंभर ग्रॅम कमी भरली तर त्याच्याकडे परत जात नाही. भांडायला वेळ कुणाला आहे?

स्वच्छतेबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते चपलांपुरतं होतं. मला खरी काळजी वेगळी वाटते. मुंबईत रेल्वे रुळांलगत वर्षानुवर्षं पालेभाज्या पिकवल्या गेल्या आहेत, तुम्ही लोकलमधून पाहिल्याच असतील. त्यातल्या काही ठिकाणी पाणी नाल्याचं असतं. असल्या पाण्यातले जंतू धुतल्याने, शिजवल्याने जातात, पण जड धातू पानात शिरलेले असतील तर ते धुऊन निघत नाहीत. आणि जुडी बघून ती कुठली हे मला ओळखता येत नाही, तुम्हालाही येणार नाही. उपाय एवढाच की पालेभाजी अनोळखी पाटीवरून घ्यायची नाही. माझी पालेभाजी वसईहून माल आणणाऱ्या एका कुटुंबाकडून येते. ते कुठून आणतात हे मला ठाऊक आहे, आणि ते नसतील त्या दिवशी माझ्याकडे पालेभाजी नसते. फोनवरच्या पाकिटावर गावाचं नाव असतं काही वेळा. ते असेल तर उत्तम. नसेल तर निव्वळ पाकीट चकचकीत आहे म्हणून विश्वास टाकू नका.

आणखी दोन गोष्टी. उन्हाळ्यात ‘ताजा सोललेला मटार’ हिरवागार दिसला तर तो भिजवलेला सुका वाटाणा रंगवून ठेवलेला असू शकतो. थोडे दाणे पाण्यात अर्धा तास ठेवले की पाणी बोलतं. आणि हापूस. कार्बाइड वापरून फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूला परवानगी आहे. बाहेरून एकसारखा पिवळाधमक आणि वास काहीच नाही, असा आंबा घेऊ नका. त्यापेक्षा थोडा कच्चा घेऊन घरी पेंढ्यात घाला. चार दिवस थांबायची तयारी हवी, मुलगी थांबेल का ते तुम्ही बघा.

मग बाजारातून घ्यायचं काय? कांदे, बटाटे, लसूण, आलं, नारळ हे तुम्ही कुठूनही घ्या, माझे वाण्याकडून येतात. गाजर, सिमला मिरची, मश्रूम, मक्याचे दाणे फोनवरून घेतलेत तरी काही बिघडत नाही. बाजाराची खरी मजा मोसमी आणि नाजूक मालात आहे, जो गोदामात टिकत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी येते. जांभळट, निमुळती, जुडी बांधलेली. विकणारी बाई त्याच्यासोबत काकडं देते, छोटी हिरवी आंबट-तुरट फळं. ती मागून घ्या, नाहीतर घशाला खाज सुटते. आतला पिवळा दांडा काढून टाकायचा, चिरायला घेण्याआधी हाताला तेल लावायचं, आणि काकडं वाटून त्यांच्या रसात शिजवायचं. हे फोनवर कुठे सापडणार? सापडलं तरी काकडं सोबत कोण देणार, आणि कसं निवडायचं ते कोण सांगणार? मग पाऊस सुरू झाला की टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोली. कंटोली सोडली तर यातलं बरंचसं थोडे आठवडेच मिळतं. थंडीत भुलेश्वरला उंधियूसाठी सुरती पापडी आणि जांभळा कंद. माटुंग्याला केळीची पानं आणि सांबारचे छोटे कांदे. वाळूत वाढणारी समुद्रमेथी, चिमूटभर जुड्या, इतक्या वेळा धुवाव्या लागतात की कंटाळा येतो, पण नुसती लसणीवर परतली तरी काय लागते! उन्हाळ्यात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकला जातो, तेव्हा माळेत विणलेला बघून घ्या आणि चाखून बघा, तो गोडसर असतो.

वर्षाची मिरची लालबागच्या मसाला गल्लीतून आणा. मार्च ते मे. रंगाला ब्याडगी आणि काश्मिरी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी, प्रमाण घरच्या तोंडाप्रमाणे. तिथेच भाजून, डंखावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, कुटून मिळतं. तुम्हाला डब्यातला मसाला चालत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

ओळखीबद्दल लोक फार गोड गोड बोलतात. ‘आमचा भाजीवाला म्हणजे घरचाच माणूस.’ घरचा नसतो हो तो. त्याला धंदा करायचा असतो आणि तुम्हाला चांगली भाजी हवी असते. पण बांधलेलं गिऱ्हाईक त्याला परवडतं, कारण त्याला पहाटे माल उचलतानाच माहीत असतं की एवढा आपला खपणार. म्हणून तो तुम्हाला सांगतो, ‘ताई, आज घेवडा नको, उद्या घ्या.’ हे वाक्य ऐकायला मिळालं की समजा तुमचं बाजारात जमलं. त्यासाठी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, त्याच पाटीवर जावं लागतं. रोज नवा स्वस्तवाला शोधणाऱ्याला कधी ओळख होत नाही.

पाटी निवडताना एक व्यवहार बघा. फुटपाथवर बसणारा स्वस्त देतो, पण महापालिकेची गाडी आली की गाशा गुंडाळून पळतो, आणि पुढच्या आठवड्यात त्या जागी दुसराच कुणी असतो. मंडईत गाळा असलेला थोडा महाग असतो, पण तो उद्या तिथेच भेटणार असतो, आणि खराब निघालेला नारळ परत घेऊन जाता येतो. पहिले काही महिने मंडईत गाळेवाल्याकडे जा. हात बसला की मग बाहेर फिरा. कापडी पिशव्या दोन न्या, एक जड मालाची, एक पाल्याची. प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे, आणि पातळ पिशवीत टोमॅटोवर दुधी पडला की काय होतं ते घरी आल्यावरच कळतं.

चिखलाला माझ्याकडे उत्तर नाही. पावसाळ्यात मी रबरी सँडल घालते.

शेवटी मासळी, कारण तुम्ही ती फोनवरून घेता आणि ‘चव लागत नाही’ असं म्हणता. मासळी हातात घेऊन बघण्याचीच वस्तू आहे. कल्ले उघडून बघा, लालभडक हवेत, तपकिरी नकोत. डोळा वर आलेला आणि स्वच्छ. बांगडा हातात धरला की ताठ राहिला पाहिजे, शेपटी लोंबता कामा नये. पापलेट कल्ल्याजवळ दाबलं की पांढरं पाणी आलं पाहिजे, लालसर आलं तर शिळं. बोंबील मुळातच मऊ, त्याची चकाकी बघायची. कोळीण दाबू देत नसेल तर पुढच्या पाटीवर जा.

दिवसाचंही गणित असतं. रविवार, बुधवार, शुक्रवार मासळी चढ्या भावाने. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी आणि संकष्टीला खाणारे कमी, म्हणून भाव उतरतो. पण सोमवारची स्वस्ताई जपून घ्या, रविवारचं उरलेलं बर्फात घालून बाहेर काढलेलं असू शकतं. त्यापेक्षा मला गुरुवार बरा वाटतो. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची यांत्रिक मासेमारीला बंदी साधारण 1 जून ते 31 जुलै असते. त्या काळात भलं मोठं पापलेट दिसलं तर ते शीतगृहातलं समजा, आणि खाडीची मासळी, शिंपल्या, तिसऱ्या किंवा घरातलं सुकं यावर भागवा.

तुम्हाला सिटीलाइटची गोपी टँक मंडई जवळ पडेल. भाऊचा धक्का, ससून डॉक इथे पहाटे लिलाव होतो, घरच्या खरेदीला तिथवर जायची गरज नाही, दोन-तीन घरांत वाटून घेणार असाल तरच जा. आणि कोळणीशी भाव करताना भाजीबाजाराचा संकोच बाजूला ठेवा. ती सातशे सांगेल, तुम्ही चारशे म्हणा, ती तुमच्या सात पिढ्यांची चौकशी करेल, तुम्ही हसून उभ्या राहा. पाचशेला जोडी ठरली की साफ करून, हव्या तशा तुकड्या पाडून देशील ना हे पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या, नाहीतर कापणारीचे वेगळे पैसे पडतात. डोकं आणि शेपट्या टाकून देऊ नका म्हणावं, कालवणाला लागतात.